अवटू ग्रंथी काढल्यानंतर

इगतपुरी तालुक्यातील रुग्ण गळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा नाशिकला जातो किंवा कसारा घाट उतरून मुंबई गाठतो. आठ-दहा दिवसांत टाके भरून येतात, माणूस हिंडूफिरू लागतो आणि शेजारीपाजारी म्हणतात, "सुटलात एकदाचे!" वस्तुतः उपचाराचा दुसरा व अधिक लांब पल्ल्याचा भाग तेव्हा कोठे सुरू झालेला असतो.

मानेच्या पुढील भागात, कंठमण्याखाली, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. लोकांच्या तोंडी तिचे नाव थायरॉइड असेच आहे. गलगंड वाढून श्वासाला वा गिळण्याला अडथळा होऊ लागला, ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली किंवा तीत कर्करोग आढळला, तर ती काढावी लागते. अर्धीच काढली असेल तर उरलेली अर्धी पुष्कळदा काम निभावून नेते. संपूर्ण काढल्यावर मात्र थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीरात तयार होण्याचा मार्गच उरत नाही. हृदयाची गती, अंगातील ऊब, आतड्यांची हालचाल, मनाची उभारी या साऱ्यांवर त्याचा अंमल चालतो.

वैद्यकशास्त्राला हे सहज उमगले नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्याच जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले. त्यांतील बहुतेक सुजलेले, थंडीने काकडणारे आणि बुद्धीने मंदावलेले आढळले. १८८३ मध्ये त्यांनी हे अपयश स्वतःहून जगापुढे मांडले. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, पण हा प्रांजळपणा त्याहून मोठा वाटतो. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी ग्रंथी निकामी झालेल्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या! १९१४ मध्ये केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले, तर १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयार करणेही साधले. आज प्रौढ माणसाला रोज साधारण १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमचा जेमतेम दहाहजारावा भाग, एवढी मात्रा पुरते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत ओठांभोवती वा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, हातपाय वळू लागले, तर दुर्लक्ष करू नये. अवटूला चिकटून असलेल्या चार चिमुकल्या परावटू ग्रंथींना धक्का लागला की रक्तातील कॅल्शियम उतरते. त्यावर तत्काळ उपाय करावा लागतो. आवाज बसणे बहुधा तात्पुरते असते. डोक्यावर हंडे वा भाताचे भारे वाहणे डॉक्टर सांगतील तोपर्यंत बंद ठेवावे. आवणीच्या दिवसांत ही गोष्ट घरच्यांनीच मनावर घेतली पाहिजे, कारण बाई स्वतः होऊन बसून राहणार नाही.

खरी परीक्षा होते ती धीराची. थायरॉक्सिनचा परिणाम संथ असतो. मात्रा ठरवून दिल्यावर ती रक्तात स्थिरावण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून टीएसएच ही रक्ततपासणी त्यानंतर करतात आणि गोळी कमीअधिक करतात. मधल्या काळात थकवा, थंडी, मलावरोध, केस गळणे, उदास वाटणे असे घडले तर मात्रा अपुरी असावी. छाती धडधडणे, हात कापणे, झोप उडणे ही ती जास्त झाल्याची खूण. दोन्ही प्रसंगी गोळी आपल्या मनाने बदलू नये. कर्करोगाच्या काही रुग्णांना मात्रा हेतुपुरस्सर थोडी चढती दिली जाते. तेव्हा शेजारणीच्या गोळीशी आपली गोळी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

गोळी पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासाने करावी. चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळण्याची सवय सर्रास आढळते. तीमुळे औषध पुरते शोषले जात नाही. कॅल्शियमच्या व लोहाच्या गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर हवे. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. रोजे पाळणाऱ्यांनी वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. इगतपुरीच्या पावसाळ्यात आणखी एक पथ्य आहे. ओल आणि उष्णता यांनी हे औषध निकामी होते. ते पुडीत बांधून चुलीजवळच्या फळीवर ठेवण्याऐवजी मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवावे.

'आयोडीनयुक्त मीठ खातो, मग गोळी कशाला?' असाही प्रश्न विचारला जातो. गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला तो याच मिठासाठी, आणि ते प्रत्येक घरात असलेच पाहिजे. पण आयोडीन हा कच्चा माल आहे. ग्रंथीच नसेल तर त्यापासून संप्रेरक घडविणार कोण? गोळीची 'सवय लागते' ही भीतीही निराधार होय. शरीर स्वतः जे बनवीत होते तेच ते बाहेरून घेते. कसाऱ्याला गाडीमागे लावलेली जादा इंजिने इगतपुरीला सुटतात. ही जोड मात्र चढ संपला म्हणून सोडता येत नाही. बरे वाटू लागले म्हणून गोळी बंद करणाऱ्याला पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, कारण सात दिवसांनी तिचा निम्मा अंश रक्तात शिल्लक असतो. फसगत होते ती येथेच.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत तर ही फसगत दोघांना भोवते. आरंभीच्या महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करीत नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या रक्तातील थायरॉक्सिनवर होत असते. अशा वेळी आईची मात्रा बहुधा वाढवावी लागते. म्हणून दिवस राहिल्याची शंका येताच, ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता, डॉक्टरांकडे जाऊन आपली ग्रंथी काढलेली आहे हे आधी सांगावे.