समुद्र रविवारचा

बायो, घर समुद्रासमोर घ्यायचं खूळ आधी डोक्यातून काढ. मॉरिशसला तू संसार थाटायला येते आहेस, हनिमूनला नाही. ते वय गेलं, आणि दोन पोरं पाठीशी आहेत.

इथली नोकरदार माणसं मोठ्या संख्येने राहतात ती वर, पठारावर. क्युरपीप, वाक्वा, फिनिक्स, कात्र बोर्न, रोझ हिल ही एकमेकांना लागून वसलेली शहरं. गॅलरीतून समुद्र दिसत नाही, डोंगर दिसतो, फार तर उसाचं शेत. किनाऱ्यावर हॉटेलं, परदेशी लोकांची घरं आणि कोळीवस्ती. तिथलं भाडं पर्यटकांच्या हिशेबाने चालतं, उन्हाळ्यात अंगाची लाही होते आणि खारा वारा फ्रिजपासून खिडकीच्या बिजागरीपर्यंत सगळं खातो. रत्नागिरीत वाढलेल्या मुलीला हे मी काय सांगणार? भाट्याच्या किनाऱ्याला घर बांधणाऱ्यांना बाबा काय म्हणायचे, आठव.

पण पठारावर म्हणजे क्युरपीपही नको. साडेपाचशे मीटर उंची, आणि पाऊस असा की वाळत घातलेले कपडे दोन दिवस दमटच. कपाटातल्या रेशमी साड्यांना बुरशी धरते. कात्र बोर्न किंवा रोझ हिल बघ. बाजार जवळ, ट्राम दारावरून जाते (इथे तिला मेट्रो म्हणतात, म्हणोत बापडे), थेट पोर्ट लुईपर्यंत. जावईबापूंचं ऑफिस पोर्ट लुईला असेल तर सकाळच्या गाड्यांच्या रांगेत त्यांचं डोकं फिरण्यापेक्षा हे बरं. बेट लांबीला पासष्ट किलोमीटर, रुंदीला पंचेचाळीस. तरी इथली माणसं अर्ध्या तासाच्या वाटेला ‘फार लांब’ म्हणतात. वर्षभरात तूही म्हणायला लागशील.

घर बघताना फरशी आणि मॉड्युलर किचन नंतर बघ. आधी गच्चीवर जा. पाण्याची टाकी केवढी आहे ते बघ, कारण पावसाळ्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धरणं आटतात आणि नळ तासांवर येतो. गच्चीचा पन्हळ मोकळा आहे का बघ. खिडक्यांना झडपा आहेत का विचार. इथली घरं सपाट गच्चीची, काँक्रीटची, थोडी ठोकळ्यासारखी दिसतात म्हणून नाक मुरडू नकोस. १९६० साली कॅरोल नावाचं चक्रीवादळ आलं, त्यात लाकडाची न् पत्र्याची घरं हजारोंनी भुईसपाट झाली. तेव्हापासून लोकांनी सौंदर्याचा नाद सोडला आणि सिमेंट धरलं.

वादळाचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे आईच्या फोनवर तू रडणार नाहीस. नोव्हेंबर ते मे हा त्यांचा हंगाम. इशारे टप्प्याटप्प्याने येतात, सगळे त्यांना ‘क्लास’ म्हणतात: क्लास वन, क्लास टू, असं फोरपर्यंत. फोर म्हणजे ताशी एकशेवीस किलोमीटरचे झोत सुरू झाले, आता दाराबाहेर पाऊल नाही. शाळा त्याच्या कितीतरी आधी बंद होतात, आणि पोरं त्या सुट्टीची देव पाण्यात घालून वाट बघतात. क्लास वन ऐकलास की दुकानात गर्दीत घुसून पाव आणि मेणबत्त्यांसाठी ढकलाढकली करायची नाही. नोव्हेंबर लागतानाच एक डबा भरून ठेवायचा: मेणबत्त्या, काडेपेटी, सेलवरचा रेडिओ, टिनमधले सार्डिन, पोहे, औषधं, दूध पावडर. टाक्या, बादल्या, कुकर, जे हाताला लागेल ते पाण्याने भरायचं. वारा थांबला म्हणून पोरांना अंगणात सोडायचं नाही. मधला डोळा गेला की वारा उलट्या बाजूने येतो. आणि गाडी उताराच्या रस्त्यावर न्यायची नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या.

वादळ गेलं की डास. इथे २००६ मध्ये चिकुनगुन्याने लोक आडवे झाले होते, हात धुवायला नळ सोडायचा तर बोटं वळेनात. कुंडीखालच्या बशा रोज रिकाम्या कर.

आता स्वयंपाकघर. तुझ्या काळजीचा खरा विषय तोच, मला ठाऊक आहे. डाळी, हिंग, पोह्यांपासून कोकमापर्यंत बरंच मिळतं, महाग मिळतं. मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयाहून चढा, आणि माल बोटीने आलेला. म्हणून पहिले तीन महिने मनात गुणाकार करू नकोस, जेवण अंगी लागायचं नाही. ताज्या दुधाचं मात्र विसर. घरोघरी पावडर. दही लागतं गं, छान लागतं: पावडर नेहमीपेक्षा थोडी दाट कालव, कोमट कर, विरजण घाल आणि हिवाळ्यात भांडं शालीत गुंडाळून ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेव. हो, हिवाळा. इथे जून-जुलै-ऑगस्ट थंडीचे, डिसेंबर-जानेवारी घामाचे. पठारावर रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो आणि घरांना हीटर नसतात. आजीची गोधडी आण, हसू नकोस.

भाजीला कात्र बोर्नचा बाजार, बुधवारी आणि शनिवारी. गुरुवारी आणि रविवारी तिथेच कपडे. तुला सगळं ओळखीचं भेटेल, फक्त नावं बदललेली: दोडक्याला पिपांगाय, भेंडीला लालो, कारल्याला मार्गोझ, टोमॅटोला पोमदामूर. कोथिंबीर कोतोमिलीच आहे. पालेभाजीला ब्रेद, आणि तिच्यावर ही माणसं जीव टाकतात. शेवग्याचा पाला, अळू, भोपळ्याचे कोवळे वेल, सगळ्याचं पातळ सार करतात आणि भातावर घेतात. आपल्या फदफद्याची सर नाही, पण पोरं आजारी असली की उपयोगी. नीरफणसाच्या कापा तळून रस्त्यावर मिळतात. धाल पुरी म्हणजे डाळीची तिखटमिठाची पातळ पोळी, जोडीने द्यायची, आत रस्सा आणि मिरचीचा ठेचा. शाळेच्या डब्याची चिंता तिथेच मिटली. मी सुरुवातीला नाकं मुरडणाऱ्या पाहुण्यांनासुद्धा तिसऱ्या जोडीला हात घालताना पाहिलं आहे.

दुकानं लवकर मिटतात, हे गाठीला बांध. संध्याकाळी पाच-सहाला बाजारपेठ शांत. पठारावरच्या शहरांत गुरुवारी दुपारनंतरही शटर खाली. मोठे मॉल उघडे असतात, पण कढीपत्त्यासाठी कोणी मॉलला जात नाही. शेजारणीकडे झाड असतं.

शाळेचं जरा नीट ऐक. इथल्या सरकारी शाळा जानेवारीत सुरू होतात आणि नोव्हेंबरात संपतात. फ्रेंच पद्धतीच्या शाळांचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला. तुझी पोरं मार्चमध्ये परीक्षा देऊन येणार, म्हणजे कुठेही मधेच. यावर भांडत बसू नकोस. धाकट्याला अर्धं वर्ष मागे बसवलंस तरी काही बिघडत नाही, उलट कान तयार होतो. शाळेत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच आणि मैदानात क्रेओल. पोरं क्रेओल दोन-तीन महिन्यांत उचलतात. तू शिकून घे. ऑफिसच्या पार्टीत इंग्रजी चालेल, पण मासळीवाल्याशी घासाघीस क्रेओलमध्येच होते. सरकारी प्राथमिक शाळांत मराठीसुद्धा शिकता येते, हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दूच्या बरोबरीने. पुण्यात इंग्रजी माध्यमात घातलेली पोरं इथे येऊन मराठीची बाराखडी गिरवतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तर, इथले मराठी. त्यांच्याबद्दल एक खासगीत सांगते. ही आपल्यासारखी कालपरवा विमानाने आलेली माणसं नव्हेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून, रत्नागिरीच्या आसपासच्या गावांतून, उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेल्यांची ही पाचवी-सहावी पिढी. आडनावांच्या जागी बऱ्याचदा पणजोबांचं नावच असतं. घरी क्रेओल बोलतात. गणपती मात्र असा बसवतात की आपण बघत राहावं. चतुर्थीला इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते, बायका नऊवारी नेसतात आणि झाकरी नाचतात. झाकरी म्हणजे आपली जाखडी, बाल्या नाच. त्यांच्याकडे गेलीस की कुणाचं मराठी सुधारायला जाऊ नकोस. ‘असं नाही, तसं म्हणतात’ हे वाक्य तोंडातून काढलंस की तू कायमची ‘मुंबईची बाई’ झालीस. बस, उकडीचे मोदक वळायला हात लाव, आणि त्यांच्या आजीला आरती तुझ्यापेक्षा जास्त पाठ असेल तर मुकाट्याने टाळ धर. संघ-संस्थांच्या राजकारणात पडायचं नाही. बेट लहान आहे, शनिवारी बोललेलं सोमवारी परत तुझ्याच दारात येतं.

अवघड असते ती संध्याकाळ. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पोरं गृहपाठाला बसली, बाहेर सगळं बंद, जावईबापू अजून वाटेत, हिवाळ्यात पावणेसहाला अंधार. तेव्हा आईला फोन लावावासा वाटेल. इथे साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे दहा झालेले असतात, ती पेंगत असते, आणि तिच्या पेंगुळल्या आवाजाने तुला आणखीच भरून येईल. फोन दुपारी चारला कर. ती चहा घेऊन मोकळी असते. आणि संध्याकाळ बाहेर काढ. शेजारची बाई अंगणात असेल, तिच्या दारात मारुतीच्या ठाण्याशेजारी लाल झेंडा असेल, बहुधा भोजपुरी घराणं. कुंपणावरून ‘बोंझूर’ म्हण. पहिल्यांदा ती तू कुणाकडची ते विचारेल. दुसऱ्यांदा पपई देईल. पपई घेतलीस की वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम हिंदी महासागरातही लागू आहे.

आणि मग रविवार. रविवारी अख्खं बेट खाली उतरतं. फ्लिक आँ फ्लाकला सुरूच्या बनात चटया पडतात, बिर्याणीची पातेली चादरीत गुंडाळून येतात, आज्या खुर्च्यांवर, कोणीतरी रावान म्हणजे इथला डफ बडवत सेगाचं गाणं धरतं, आणि संध्याकाळपर्यंत कोणी उठत नाही. तू उगाच सँडविच घेऊन जाऊ नकोस, पातेलं ने. बाजूच्या चटईवरून ताटली येणारच, तिच्यात परत काहीतरी घालायला लागतं. पोरांना प्रवाळाच्या भिंतीच्या आतच पोहू दे. आत पाणी कमरेएवढं, संथ. भिंतीला जिथे खिंड आहे तिथे ओढ असते, तिकडे नाही. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्रीला भिंतच नाही, तिथे उभं राहून बघायचं, पाय भिजवायचे नाहीत. आणि रबरी बूट घातल्याशिवाय पाण्यात कोणीही उतरायचं नाही, तूसुद्धा. दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा वाळूत रुतून बसलेला असतो.

सामानात इंग्लंडसारख्या चौकोनी तीन पिनांचे अडॅप्टर चार-पाच टाक, मिक्सर आपला आण, मोदकाचा साचा आण. पोळपाट-लाटणं मी देईन. तुळशीचं रोप पर्समध्ये लपवून आणायचा विचार असेल तर नको. रोपं आणि बियाणं परवानगीशिवाय आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. तुळस मिळेल. त्या लाल झेंड्याच्या घरात विचार, मंजिऱ्या झाडून देईल ती.