‘घरी न्या’ म्हटल्यानंतरची शिकवण

धाराशिव जिल्ह्यात गावोगाव आरोग्याची माहिती सांगत फिरते. त्यात कॅन्सरचे, लकव्याचे, अंथरुणाला खिळलेले पेशंट भेटतात. मोठ्या दवाखान्यानं ‘आता घरी न्या’ म्हटलं की नातेवाइकांना वाटतं, सगळं संपलं. खरं तर घरच्यांना शिकवायचं काम तिथूनच सुरू होतं.

१. माहिती गावातल्या बाईच्या तोंडून जाऊ द्या.
अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या पुढाकारानं गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. त्यातलं शहाणपण मला काम करताना कळत गेलं. सभेत सगळ्या माना डोलावतात. सभा उठली की ओळखीच्या आशाताईला बाजूला घेऊन विचारतात, “गाठीला सुई लावली की पसरतंय म्हणं, खरंय का?” खरा प्रश्न हा असतो. तो विचारता येईल असं माणूस गावात हवं.

२. आपल्याच जिल्ह्याचा दाखला द्या.
पेशंटच्या घरी इतर बायकांच्या तपासणीचाही विषय निघतो. “तपासून काय होतंय?” असं कुणी म्हटलं की मी इथलीच गोष्ट सांगते. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी १९९९पासून या जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न केलेल्या गटापेक्षा जवळपास निम्मे होते. जगभर हा आकडा सांगितला जातो. तो आपल्या आया-आज्यांमुळे मिळाला.

३. हॉस्पिस म्हणजे मरायला नेऊन ठेवायची जागा नव्हे.
हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणारं ठिकाण. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली असं शांती अवेदना सदन सुरू झालं, पुण्यात वारज्याला १९९७ साली सिप्लाचं केंद्र. पुण्याच्या केंद्रात पेशंटसोबत घरचं माणूस राहतं, सेवा शिकतं. त्रास आटोक्यात आला की दोघं घरी परततात. परंडा-उमरग्याहून तिकडं जाणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून तिथली शिकवण आपल्या घरापर्यंत आणावी लागते.

४. दुखण्याची गोळी घड्याळावर.
कळ आल्यावर गोळी शोधायची, ही सवय मोडायला फार बोलावं लागतं. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळीच द्यायची, दुखत नसलं तरी. बद्धकोष्ठता होते, त्यामुळं पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. “नशा लागंल” ही भीती तर घरोघरी. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या गोळीनं व्यसन लागण्याची शक्यता फारच कमी. २०१४ साली कायदा बदलून मॉर्फिन मिळण्याची वाट सोपी केली गेली. तरी ते ठरावीक मान्यताप्राप्त ठिकाणीच मिळतं. आपल्याला जवळ कुठं मिळतं, हे आधीच विचारून ठेवा.

५. तोंडी सांगू नका, करून दाखवा.
दर दोन तासांनी कूस बदला, असं सांगून घरच्यांना काही कळत नाही. मी सुनेचा एक हात पेशंटच्या खांद्यामागं आणि एक कमरेमागं ठेवते, दोघी मिळून वळवतो, पाठीला उशीचा टेकू देतो. मग माकडहाड, टाचा, खुबे बघायला लावते. लाल डाग दिसला की त्यावर चोळायचं नाही, तिथला भार काढायचा. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायचा मोह आवरा, ठसका लागतो. ओल्या कापडानं ओठ, जीभ पुसत राहा. आणि अन्न कमी झालं म्हणून घास कोंबू नका. शरीराचीच मागणी उतरलेली असते.

६. पेशंटला विचारा.
“आबांना सांगू नका बरं का,” असं मला दारातच बजावतात. आबांना बहुधा कळलेलं असतं. सगळं उघडं करायची घाई नको, “तुम्हाला काय वाटतंय?” एवढं विचारावं. कुणाला शेताची वाटणी बोलायची असते, कुणाला माहेरी एकदा जायचं असतं. वेळेत विचारलं तर होऊन जातं.

७. करणाऱ्या बाईकडं बघा.
रात्रीची जाग, दिवसाचा सैपाक आणि वर सगळ्यांचे सल्ले. भेटायला येणाऱ्यांनी सफरचंदं आणण्यापेक्षा दोन तास पेशंटपाशी बसावं, तिला झोपू द्यावं.

८. माहिती एका जागी, डोळ्यासमोर ठेवा.
उपकेंद्राच्या भिंतीवर एक फळा पुरतो: महात्मा फुले जनआरोग्य योजनेला कोणती कागदपत्रं लागतात, दुखण्यावर उपचार कुठं आणि कोणत्या वारी, आशाताईचा नंबर. ऐनवेळी धावपळ करणाऱ्या माणसाला पुस्तिका वाचायला सवड नसते. दर महिन्याला तो फळा कुणीतरी पुसून ताजा करायला हवा, आणि ते काम कुणाचं हे ग्रामसभेत नाव घेऊन ठरवायला हवं.