गावचा सूर जतन करताना

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील भोकरदन तालुक्यात धावडा हे गाव आहे. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथेही ओवी, भजन आणि भारूड यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिली. विजेच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचे दळण थांबले. त्याबरोबर ओवी गाण्याचे निमित्तही सरले. आज जुन्या चाली ठाऊक असलेल्या स्त्रिया बहुधा वयोवृद्ध आहेत. म्हणूनच गावातील कलावंतांनी स्वतःचे ध्वनिमुद्रण स्वतः करणे हे केवळ हौसेचे काम राहिलेले नाही.

या कार्याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रापुढे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांच्या मदतीने एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी काही ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. सर्वांचे होणे शक्य नव्हते. लिहिलेली ओवी वाचता येते, तिची चाल मात्र ऐकल्यावाचून कळत नाही. त्या काळी मुद्रणासाठी खास यंत्र लागे. आज साधा भ्रमणध्वनीही ते काम करू शकतो. उणीव असते ती पद्धतीच्या ज्ञानाची.

जागेची निवड

मुद्रण बिघडते ते बहुधा यंत्रामुळे नव्हे, तर जागेमुळे. शाळेची रिकामी खोली शांत वाटली, तरी तिच्या उघड्या भिंती आवाज परतवतात आणि शब्द अस्पष्ट होतात. पत्र्याच्या छपराखाली हा दोष अधिक जाणवतो. त्यापेक्षा अंथरूण-पांघरूण, धान्याची पोती असलेली घरातील लहान खोली चांगली. गायकाच्या मागे व दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टांगाव्यात आणि खाली सतरंजी अंथरावी. पंखा बंद ठेवावा. विहिरीवरील मोटार, रस्त्यावरील वाहने यांची वेळ टाळावी. या दृष्टीने पहाट उत्तम. ओवीची वेळही तीच.

ध्वनिग्राहकाचे अंतर

ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, गायकाच्या तोंडापासून सुमारे एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. अगदी समोर धरल्यास ‘प’, ‘भ’ यांसारख्या अक्षरांचा श्वास त्यावर आदळतो. अंतर दुप्पट केल्यास गायकाचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, परंतु खोलीचा घुमारा जवळजवळ तसाच राहतो. दूरचे मुद्रण पोकळ वाटते, ते यामुळे. भ्रमणध्वनी वापरताना त्याची संपर्कसेवा बंद करावी आणि तो घडी केलेल्या कापडावर ठेवावा.

भजनी मंडळाजवळ एकच ध्वनिग्राहक असल्यास मुख्य गायकास सर्वांत जवळ, पखवाज थोडा बाजूस, साथीदारांस मागे आणि टाळकऱ्यांस सर्वांत दूर बसवावे. टाळांचा तीक्ष्ण नाद शब्द झाकून टाकतो. प्रथम दोन मिनिटांचे मुद्रण करून ऐकावे आणि माणसांच्या जागा बदलून तोल साधावा. ओवी मात्र दोनदा मुद्रित करणे श्रेयस्कर : एकदा जात्याच्या घरघरीसह, एकदा केवळ आवाजाची. पहिल्या मुद्रणात लय टिकते, दुसऱ्यात शब्द.

पातळी आणि प्रत

गाण्यातील सर्वांत मोठा सूर आधी म्हणून घ्यावा आणि मुद्रणाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबल या दरम्यान ठेवावी. शून्याची मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज मागाहून पूर्ववत होत नाही. आवाजाची पातळी आपोआप चढउतार करणारी सोय बंद करता येत असल्यास करावी. मूळ प्रत संक्षेप न करता ‘वेव्ह’ स्वरूपात, सेकंदाला ४८,००० नमुने आणि २४ बिट या प्रमाणात ठेवावी. एका ध्वनिग्राहकाच्या एका तासास सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते. संपादन नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावे. एकूण तीन प्रती असाव्यात. त्यांपैकी एक गावाबाहेर, अन्य ठिकाणी असावी.

नोंद आणि संमती

प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी गायिकेचे नाव, गाव, दिनांक आणि गीताचा प्रसंग तिच्याच तोंडून वदवून घ्यावा. कागद हरवला तरी ही नोंद आवाजाबरोबर राहते. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या सुधारणेने सादरकर्त्या कलावंतांचे हक्क समाविष्ट झाले आहेत. तेव्हा मुद्रण कोठे व कशासाठी वापरले जाणार, हे आधी समजावून सांगून संमती घ्यावी आणि एक प्रत गायिकेच्या घरी द्यावी.

या कामी शिक्षकांना विद्यार्थ्यांची मदत घेता येईल आणि ग्रामपंचायतीला शांत खोली व प्रतींची सुरक्षित जागा देता येईल. खर्च थोडा आहे. वेळ मात्र हाताशी फार नाही. धावड्यासारख्या गावातील एखाद्या आजीच्या कंठातील चाल तिच्याबरोबर लोपली, तर ती पुन्हा मुद्रित करण्याची संधी कोणत्याही यंत्राला मिळणार नाही.