पुढच्याच्या पाठीवर विसंबू नकोस

अगं, शर्यतीत तुझं नाव पक्कं झालं हे ऐकून किती बरं वाटलं! सिंहगडावर पहाटे पळणारी तू लँकेस्टरला शिकायला आलीस आणि पहिल्याच वर्षी लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत धावणार आहेस. परवा फोनवर आई आणि मावशी दोघी होत्या, त्यांच्या काळजीच्या सुरात आपलं बोलणं राहूनच गेलं. म्हणून आता निवांत लिहितेय. केंडलला आल्यापासून मी हौसेनंच धावते, बक्षिसासाठी कधीच धावले नाही. पण या डोंगरांनी जे शिकवलं ते आधी तुझ्या हाती द्यावंसं वाटतं.

पहिली गोष्ट वेगाची. तुझ्या शर्यतीपुढे ‘ए-एस’ लिहिलंय ना, त्यातला ‘ए’ म्हणजे किलोमीटरमागे सरासरी किमान 50 मीटर चढ, आणि ‘एस’ म्हणजे अंतर 10 किलोमीटरच्या आत. तेव्हा रस्त्यावरच्या हाफ मॅरेथॉनचा मिनिटांचा हिशेब घरीच ठेव. उभ्या चढावर इथले पहिले येणारेसुद्धा चालतात. कंबरेतून थोडं वाकायचं, तळवे गुडघ्याच्या वर मांडीवर टेकवायचे आणि प्रत्येक पावलाला हातांनी रेटा द्यायचा. चालणं म्हणजे हरणं नव्हे, हे आधी मनात पक्कं कर. ज्या उतारावर पळता येतं, त्यासाठी पाय राखून ठेवायचे असतात.

उताराची भीती वाटेल. आपण सह्याद्रीत घसाऱ्यावरून मागे रेलून, टाचा रोवत उतरायला शिकलो. इथल्या ओल्या गवतावर मागे रेललीस की पाय पुढे निसटलेच समज. अंग किंचित पुढे, पावलं आखूड आणि भरभर, हात मोकळे, नजर पायाशी नको, तीन-चार पावलं पुढे. बूट खोल खिळ्यांच्या तळाचेच घे. दर पावलाला अंग थोपवताना मांडीचे स्नायू ताणले जातात, म्हणून दुखणं शर्यतीच्या दिवशी कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं. जिना उतरताना कळ आली तर घाबरू नकोस. आधीचे काही आठवडे मुद्दाम उतार धावलीस तर ते बरंच कमी होईल.

आता खरं सांगायचं ते सांगते. या शर्यतींत वाट बहुधा आखलेली नसते. अमुक माथा, तमुक खिंड, भिंतीचा अमुक कोपरा, एवढी ठिकाणं ठरलेली असतात आणि तिथे नोंद घेणारे स्वयंसेवक थंडीत उभे असतात. मधला मार्ग ज्याचा त्यानं शोधायचा. कुणी धारेवरून जातं, कुणी मेंढ्यांनी पाडलेल्या वाटेनं डोंगराच्या कुशीतून वळसा घालतं. हवा स्वच्छ असली की यात फार मजा आहे. ढग उतरले की हाताच्या अंतरावरचंही दिसत नाही, आणि मग प्रत्येकाची नजर पुढच्याच्या पाठीवर खिळते.

एका शरद ऋतूतल्या शर्यतीत असंच झालं. माथ्यावरून निघालो आणि पुढची सगळी रांग डाव्या सोंडेवरून खाली वळली. पावलं आपोआप त्यांच्यामागे जात होती. मी थांबले, होकायंत्र ठेवून नकाशा उत्तरेला लावला. सुई उजवीकडचा उतार सांगत होती. धुक्यात एकटी उभी राहून, आपण बरोबर आणि ही अनुभवी माणसं चूक असं मानायला छाती लागते. मी सुईवर विश्वास ठेवला. थोडं खाली उतरल्यावर नकाशावर होती तिथेच दगडी भिंत आली, आणि भिंतीच्या टोकाशी स्वयंसेवक. त्या क्षणी जे वाटलं ते कुठल्याही पदकानं वाटलं नसतं.

आपल्याला लहानपणापासून काय विचारलं जातं? सोबत कोण आहे? कुणाबरोबर जातेयस? परत कोण सोडणार? विचारणाऱ्यांची माया खरीच आहे. पण या खेळात उलटा प्रश्न विचारतात: तू एकटी असलीस तर परत येशील का? मोठ्या शर्यतींत आधीच्या अनुभवाची नोंद दिल्याशिवाय नाव घेत नाहीत. बाई म्हणून कुणी सूट देत नाही आणि संशयही घेत नाही. पूर्वी असं नव्हतं. 1955 साली कॅथलीन कॉनोची ही 16 वर्षांची मुलगी बेन नेव्हिस डोंगराच्या शर्यतीची वाट धावून आली, तेव्हा बायकांना त्या शर्यतीत अधिकृत जागा नव्हती. आणि 2019च्या जानेवारीत जॅस्मिन पॅरिस हिनं पेनाइन वे या पायवाटेवरची 268 मैलांची स्पाइन शर्यत बायका-पुरुष सगळ्यांत पहिली येऊन जिंकली, तीही वाटेतल्या थांब्यांवर तान्ह्या लेकीसाठी दूध काढून ठेवत. मावशीला हे जरूर सांग.

सामानाच्या यादीला कटकट समजू नकोस. शिवणींतूनही पाणी न झिरपणारं जाकीट आणि पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, अडीअडचणीचा खाऊ. पावसात भिजायची आपल्याला सवय आहे, असं तू म्हणशील. महाबळेश्वरचा पाऊस जास्त, पण तो चार महिन्यांचा आणि बराच सौम्य हवेतला. इथे सीथवेटला वर्षाला साधारण 3,500 मिलिमीटर पडतो, तो कुठल्याही महिन्यात, आणि सोबत बोचरा वारा. उंची वाढेल तशी थंडी वाढते, ओले कपडे अंगातली ऊब ओढून घेतात. बोटांना चेन लावता येईना, जीभ जड झाली, पाय विनाकारण अडखळू लागले, की समज शरीर हरत चाललंय. तोवर वाट पाहूच नकोस. वेग मंदावला की लगेच जाकीट चढव, काहीतरी गोड खा. अंगाला सुती कपडा नकोच.

मदत लागली तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. फोन लागला तर 999 वर पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू माग. शर्यत अर्धवट सोडायची वेळ आली तर सोड, त्यात कमीपणा नाही. पण काहीही झालं तरी शेवटच्या रेषेपाशी जाऊन नाव सांग. ते प्रत्येक माणूस मोजतात. तू न सांगता घरी गेलीस तर स्वयंसेवक रात्री अंधारात तुला डोंगरभर शोधत फिरतील. ती माणसं पगारी नाहीत गं, स्वतःची झोप मोडून येतात.

आपल्यातलं एक. पाळीची तारीख जुळली तर धावू नये असं काही नाही, पोटाला मानवेल तसं कर. फक्त डोंगरावर आडोसा मिळेलच असं नसतं, म्हणून लागेल ते चेनच्या छोट्या पिशवीत ठेव आणि वापरलेलं त्याच पिशवीतून खाली आण. ब्राच्या पट्ट्यांखाली आणि काखेत व्हॅसलीन लाव, ओल्या कपड्यानं कातडी सोलवटते.

शेवटची आलीस तरी लाजू नकोस. इथे पहिला आणि शेवटचा एकाच शेतात कपडे बदलतात, गावच्या हॉलमध्ये एकाच रांगेत चहा-केक घेतात. या खेळाचं सगळ्यात लाडकं नाव जॉस नेलर, वॉस्डेलचे मेंढपाळ. 1975 साली त्यांनी 24 तासांच्या आत 72 शिखरं पालथी घातली, आणि मेंढ्याही राखल्या. 2024 साली 88व्या वर्षी ते गेले. अशा माणसांनी वाढवलेल्या खेळात नवख्या पोरीलाही मान मिळतो, हे मी अनुभवलंय.

तेव्हा शनिवारी सकाळी केंडलला ये. 555 नंबरच्या बसनं आपण केझिकला जाऊ आणि लॅट्रिगवर सराव करू. जाकीट, शिट्टी नि खाऊ तुझा तू आण, होकायंत्र माझ्याकडचं जास्तीचं देते. नकाशा तू धरायचास, मी मागून येईन, आणि तू विचारल्याशिवाय वाट सांगणार नाही.