ग्राहकाची माहिती आणि अमेरिकेचा न झालेला कायदा

गेल्या सत्रात संघराज्यपद्धती शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, गूगल-फेसबुकच्या जन्मभूमीत ग्राहकाच्या खासगी माहितीला कोणता कायदा आहे?" देशभर लागू होणारा एकही सर्वसमावेशक कायदा नाही, असे मी म्हणालो, वर्गाचा विश्वास बसेना. म्हणून हा लेखप्रपंच.

तुटक कायदे पुष्कळ आहेत. १९७४ चा केंद्रीय सरकारी खात्यांपुरता, १९९६ चा वैद्यकीय माहितीपुरता, १९९८ चा लहान मुलांपुरता. भाड्याने आणलेल्या व्हिडिओ फितींसाठीसुद्धा १९८८ चा स्वतंत्र कायदा! सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचविलेल्या रॉबर्ट बोर्क यांच्या घरी कोणत्या फिती गेल्या, त्याची यादी आदल्या वर्षी एका साप्ताहिकाने छापली होती. लोकप्रतिनिधींना आपापल्या याद्या आठवल्या असाव्यात.

२०२२ च्या जुलैत मात्र प्रतिनिधिगृहाच्या समितीने सर्वसमावेशक विधेयक ५३ विरुद्ध २ मतांनी संमत केले. तरीही ते सभागृहापुढे आलेच नाही. खरी गाठ आपल्या अभ्यासक्रमातलीच आहे. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये स्वतःचा कायदा केला होता. केंद्राचा कायदा राज्यांसाठी किमान मर्यादा ठरावा, की त्याने राज्यांचे कायदे पुसून टाकावेत? सभापती नॅन्सी पेलोसी कॅलिफोर्नियाच्याच. त्यांनी हरकत घेतली. दुसरी गाठ अधिक अवघड. ज्याचे नुकसान झाले त्याला स्वतः दावा लावता यावा काय? इलिनॉयच्या २००८ च्या कायद्याने चेहरा, बोटांचे ठसे यांबाबत तो हक्क दिला आहे, आणि त्याखाली फेसबुकला ६५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. कंपन्या या हक्काला का बिचकतात ते यावरून कळते. २०२४ च्या विधेयकाचेही तेच झाले. जूनमधली समितीची बैठक ऐनवेळी रद्द झाली.

आज सुमारे वीस राज्यांचे वेगवेगळे कायदे आहेत, त्यामुळे कंपन्यांनाच एकच कायदा हवासा वाटतो. माझ्या मते तिथे कायदा झालाच तर तो या सोयीपोटी होईल, आणि म्हणूनच दुबळा होण्याची भीती वाटते.

आपल्याकडे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २०२३ मध्ये कायदाही झाला. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो भारताच्या संचित निधीत जमा व्हायचा. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे ४३-अ कलम मात्र याच कायद्याने वगळायचे ठरविले आहे.

हे सांगताच तीच विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे माझा नंबर कुणी विकला, तर पैसे सरकारला. आणि मला?"

मंडळाकडे तक्रार करता येईल, असे मी सांगितले. तेवढ्यात तास संपला.