फक्त सोमवारी

"तोंड नुसतं सोलून निघालंय डॉक्टर, पेज पन गिलवत नाय." २०१७ च्या आषाढात, रोह्याच्या दवाखान्यात मावशी पदराने ओठ टिपत सांगत होत्या. जीभ लालभडक, गालाच्या आतून पांढरट चट्टे. मावशी खरं तर माझ्या पेणच्या पेशंट. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायच्या, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्यांच्या हातची असे. चार दिवस लेकीकडे रोह्याला आल्या होत्या. मी सकाळी पेणला बसतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी नागोठण्यावरून रोह्याला जातो. मावशी रोह्यात, मी रोह्यात आणि त्यांचा केसपेपर पेणच्या लोखंडी कपाटात.

बाहेर पाऊस कोसळत होता, बाकावर पंधरा-वीस माणसं ताटकळत होती. मी विचारलं, "नवीन औषध काही चालू आहे का?" त्या म्हणाल्या, "तुमीच दिलेल्या सांध्यांच्या गोल्या." दुखणं थांबवायच्या गोळ्या असतील असं मी धरून चाललो. तोंडाला लावायचं मलम आणि बी-कॉम्प्लेक्स देऊन त्यांना घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी अंगात ताप भरला आणि लेकीने त्यांना पनवेलला नेलं. तिथे रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरने पिशवीतली औषधं पलंगावर ओतली, एक पट्टी उचलली आणि विचारलं, "आजी, ही कधी घेता?" "रोज. नाश्त्यानंतर एक."

ती गोळी मेथोट्रेक्सेटची होती. आमवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. हे औषध शरीरातल्या फॉलिक ॲसिडचं काम अडवतं, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना पहिला फटका बसतो. तोंडाची आतली त्वचा सोलते आणि अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं मंदावतं. मावशींनी ती सलग अकरा दिवस घेतली होती. पांढऱ्या पेशी धोक्याच्या रेषेखाली गेल्या होत्या. फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, प्रतिजैविकं, स्वतंत्र खोली असं सगळं करून तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या. त्या वर्षी कारखान्यातल्या मूर्तींचे डोळे दुसऱ्यांनी आखले.

मी चिठ्ठी मागवून घेतली. औषध मुंबईच्या तज्ज्ञांनी सुरू केलं होतं, पुढच्या महिन्यासाठी मी ते माझ्या पॅडवर उतरवलं होतं. मेथोट्रेक्सेटपुढे मी इंग्रजीत 'ओ' आणि 'डब्ल्यू' ही दोन अक्षरं काढली होती, म्हणजे आठवड्यातून एकदा. खालच्या ओळीत फॉलिक ॲसिड, पुढे 'ओडी', म्हणजे रोज एकदा. घाईत 'डब्ल्यू'ची टोकं मिटून त्याचा गोळा झाला होता. मेडिकलमधल्या मुलाने दोन्ही पट्ट्यांवर पेनाने 'रोज १' लिहून दिलं. त्याच्यावर खापर फोडावं असं क्षणभर वाटलं. पण कागद खिडकीशी नेऊन पाहिला, तेव्हा ते अक्षर मलाही 'डी'च दिसलं.

चूक माझी होती, आणि ती दोनदा झाली. पेणला माझं अक्षर नडलं, रोह्याला माझ्यासमोर नोंद नव्हती. 'तुमच्या गोळ्यांची पट्टी दाखवा' एवढंच म्हटलं असतं, तरी तीन दिवस वाचले असते.

असं पहिल्यांदाच घडलं नव्हतं. इंग्लंडमधला एक खटला वैद्यकीय कायद्याच्या पुस्तकांत आवर्जून दिलेला असतो. डॉक्टरने छातीच्या संसर्गासाठी 'अमॉक्सिल' हे प्रतिजैविक लिहिलं, औषधविक्रेत्याने 'डाओनिल' वाचलं आणि मधुमेह नसलेल्या माणसाला साखर उतरवणारी गोळी दिली. त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९८९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने भरपाईचा ७५ टक्के भार विक्रेत्यावर आणि २५ टक्के डॉक्टरवर ठेवला. औषधाचं नाव डॉक्टरने बरोबरच लिहिलं होतं. दोष लागला तो अक्षराला.

आपल्याकडे नियमांची वाण नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतच नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. २०१६ च्या दुरुस्तीने औषधांची मूळ नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येईल अशी चिठ्ठी हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे सगळं तुम्हाला ठाऊक असेल. मलाही त्यातलं बरंच ठाऊक होतं, तरी मी तसाच लिहीत राहिलो. म्हणून नियमांपेक्षा दवाखान्यात काय बदलावं लागतं ते सांगतो.

२०१८ मध्ये मी दोन्ही दवाखान्यांत संगणक, छपाईयंत्र आणि चिठ्ठ्या लिहायचं सॉफ्टवेअर घेतलं. पेशंटची नोंद एकच, ती पेणला उघडा नाहीतर रोह्याला. इंग्लंडमध्ये चिठ्ठी डॉक्टरकडून थेट औषधविक्रेत्याच्या पडद्यावर जाते. आमच्याकडे मी ती छापतो, सही करतो, शिक्का आणि नोंदणी क्रमांक घालतो आणि पेशंटच्या हातात देतो. एवढ्यानेही फार फरक पडतो.

पहिले दोन महिने जड जातात, हे आधीच मान्य करा. हाताने एका मिनिटात होणारी चिठ्ठी टाइप करायला चार मिनिटं लागायची आणि बाकावरची गर्दी वाढायची. बरेच डॉक्टर इथेच कंटाळून पुन्हा पॅड काढतात. मी सुरुवातीला फक्त मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि सांध्यांचे जुने पेशंट संगणकावर घेतले. त्यांची औषधं महिनोन् महिने तीच असतात, एकदा नीट भरली की पुढच्या वेळी तपासून, हवा तो बदल करून छापायची. तिसऱ्या महिन्यात गेलेला वेळ परत मिळायला लागला. 'डॉक्टर, हे काय लिहिलंय?' असे मेडिकलमधून येणारे फोनही जवळजवळ थांबले. शेड्यूल एच-वनमधली औषधं देताना दुकानदाराला डॉक्टर, पेशंट आणि औषध यांची वेगळी नोंद तीन वर्षं जपावी लागते. स्वच्छ चिठ्ठी मिळाली की त्याचंही काम सोपं होतं, हे मला एका दुकानदारानेच सांगितलं.

आता मावशींच्या गोळीचं. आठवड्याच्या औषधाला नुसतं 'आठवड्यातून एकदा' पुरत नाही, वार लिहायचा. माझ्या चिठ्ठीवर ठळक मराठीत येतं: 'फक्त सोमवारी. इतर दिवशी घेऊ नये.' गोळी कशासाठी आहे तेही शेजारी येतं, 'सांध्यांसाठी', 'रक्तदाबासाठी'. कारण लिहिलेलं असलं की चुकीची गोळी दुकानदाराच्या हातात असतानाच पकडली जाते. लॅटिन आणि इंग्रजी आद्याक्षरं मी पूर्ण बंद केली. इन्सुलिनपुढे इंग्रजी 'यू' काढायचा नाही, 'युनिट' असा पूर्ण शब्द लिहायचा, कारण १० पुढचा 'यू' शून्यासारखा दिसला की त्याचे १०० होतात. पूर्ण आकड्यापुढे दशांशचिन्ह आणि शून्य लावायचं नाही, आणि अर्ध्याला ०.५ लिहिताना आधीचं शून्य गाळायचं नाही.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाबद्दल तर कळकळीने सांगतो. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, जास्त शक्तीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम द्यायचं, तर थेंबांचे दीड मिलिलिटर होतात आणि त्या सिरपचे तीन. 'तापाचं औषध, एक चमचा' एवढंच लिहिलं आणि दुकानातून थेंबांची बाटली मिळाली, तर आई चमचाभर म्हणजे ५०० मिलिग्रॅम पाजून मोकळी होते. माझ्या संगणकात वजन भरल्याशिवाय मुलाची चिठ्ठी पुढे सरकत नाही, ती अट मी मागून घातली. काट्यावर बाळ ठेवायला अर्धं मिनिट लागतं.

डोंगरातल्या वाड्यांवरून कातकरी, ठाकर समाजाची माणसं येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही. त्यांच्या चिठ्ठीवर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी चित्रं छापतो आणि चित्राखाली गोळ्यांएवढे ठिपके. मराठीतली आणि चित्रांतली चिठ्ठी हीच मला या सगळ्यातली सर्वांत मोठी कमाई वाटते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, तेव्हा आणखी एक उपयोग कळला. यादीतली नावं शोधखिडकीत टाकली आणि माझे कोणते पेशंट त्यांतलं काय घेताहेत ते त्याच दुपारी समोर आलं. त्यांना फोन करून बोलावता आलं. कपाटातल्या केसपेपरांतून हे कधीच जमलं नसतं.

संगणकही चुका करायला लावतो, त्यापासून सावध राहा. पहिली तीन अक्षरं टाइप केली की नावांची यादी उघडते आणि बोट शेजारच्या नावावर पडतं. हाताच्या अक्षरात निदान शंका तरी येते, छापलेलं चुकीचं नाव मात्र खात्रीचं दिसतं. म्हणून सहीआधी कागद हातात घेऊन वाचायचा, पडद्यावर नाही. धोक्याच्या सूचना सतत उमटायला लागल्या की माणूस न वाचता बंद करतो. मी किरकोळ सूचना बंद केल्या आणि ॲलर्जी, गर्भारपण, मूत्रपिंड आणि जिवावर बेतणारे औषधांचे मेळ एवढ्याच ठेवल्या. माझा पासवर्ड कंपाउंडरकडे नाही. कितीही गर्दी असो, माझ्या नावाने दुसरं कोणी चिठ्ठी काढत नाही. पेशंटची चिठ्ठी कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जात नाही.

आणि वीज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी दिवसच्या दिवस अंधार होता. छपाईयंत्र बंद, इंटरनेट बंद. त्या दिवसांत मी पुन्हा पॅडवर लिहिलं, पण एकेक अक्षर सुटं आणि मोठं, वार मराठीत. वीज आल्यावर त्या सगळ्या चिठ्ठ्या संगणकात चढवल्या. तेव्हापासून इन्व्हर्टर आहे, नोंदींची प्रत रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी जाते आणि ज्यांची औषधं नाजूक आहेत त्यांच्याकडे शेवटची छापील चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात असते.

चिठ्ठी देताना मी पेशंटला एकच विनंती करतो, ती मला वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाने वाचावी, नाहीतर चित्रं बघून सांगावं.

गेल्या पावसाळ्यात मावशी पुन्हा लेकीकडे आल्या होत्या. रोह्याच्या पडद्यावर त्यांची पेणची सगळी नोंद उघडली, वर लाल पट्टीत 'मेथोट्रेक्सेट देऊ नये'. सांध्यांसाठी आता दुसरं औषध चालू आहे आणि हाडांसाठी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल, तीही आठवड्याची. त्यांनी चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. "ही रोजची, जेवल्यावर. आनि ही फक्त रविवारी, इतर दिवशी घेऊ नये." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "आज बुधवार ना?"

"बुधवार," मी म्हटलं. त्यांनी कॅप्सूलची पट्टी वेगळ्या कागदात गुंडाळली आणि पिशवीच्या तळाशी ठेवली.