सुधाकर कोणाला द्यायचा?

'एकच प्याला' बसवायचं ठरलं की आम्ही कामथडीत लगेच पात्रं वाटत नाही. आधी सिनेमातले नट घेऊन मनातल्या मनात संच जुळवतो. नट हयात असो वा नसो, 'हाच का?' याचं उत्तर मात्र देता आलं पाहिजे. या वादावादीत गडकऱ्यांची १९१९ सालची ही शोकांतिका पाठ होण्याआधीच उमगायला लागते. त्यातून हाती लागलेलं हे चार शब्दांत.

१. झिंग नंतर, हुशारी आधी.
सुधाकर म्हटलं की पोरं पडद्यावरच्या गाजलेल्या दारुड्यांची नावं घेतात. पण सुधाकर मुळात तल्लख, मानी वकील. सनद जाते, तो अपमान त्याला सोसवत नाही आणि मग पेला हातात येतो. उंचावरून पडतो म्हणून त्याचं पडणं जिव्हारी लागतं. माझी निवड डॉ. श्रीराम लागू. 'पिंजरा'तला (१९७२) ताठ कण्याचा मास्तर तमाशाच्या फडापर्यंत कसा घसरत जातो, ते एकदा नीट बघा.

२. वयावर अडू नका.
'नटसम्राट'चे म्हातारे गणपतराव बेलवलकर १९७० साली रंगभूमीवर आले तेव्हा ते साकारणारे लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यावरचा चित्रपट आला १ जानेवारी २०१६ला, तीच भूमिका करणाऱ्या नाना पाटेकरांच्या पासष्टाव्या वाढदिवशी. कॅमेरा सुरकुत्या जवळून बघतो. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात ते चाल, खांदे आणि आवाज.

३. सिंधू रडवी नको.
इथे मी स्मिता पाटीलवर अडून बसतो. 'उंबरठा'तली (१९८२) तिची सुलभा घराबाहेर पडते. सुधाकरची बायको सिंधू थांबते, लोकांचं दळण दळते आणि मरतानाही नवऱ्याला पाठीशी घालते. जिच्यात निघून जायची धमक दिसते, तिचं थांबणं प्रेक्षकाला झोपू देत नाही. बिचारी सिंधू घेतली, तर लोक हळहळतील आणि घरी जातील.

४. तळीराम हवाहवासा वाटला पाहिजे.
निळू फुले! आवाज न चढवता, डोळे बारीक करून ते समोरच्याला गुंडाळायचे. सुधाकरच्या हाती पेला देणाऱ्या तळीरामाच्या बोलण्यावर प्रेक्षक पोट धरून हसला पाहिजे, तरच सुधाकर त्याला का भुलला ते पटतं. पहिल्याच प्रवेशात खलनायक दिसला, तर सुधाकर नुसता मूर्ख ठरतो.

५. गळ्यासाठी भूमिका मोडू नका.
हे संगीत नाटक. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी ते गाजवलं. सिनेमात गळा उसना मिळतो, रंगमंचावर ती सोय नाही. तरी गाणारी मुलगी नसली, तर आम्ही पदं कमी करतो, सिंधूच्या ताकदीला मात्र हात लावत नाही.

६. तालमीआधी नटांची नावं पुसा, कारणं ठेवा.
'लागूंसारखं कर' म्हटलं की नक्कल सुरू होते. 'अपमान गिळ आणि ताठ उभा राहा' म्हटलं की काम सुरू होतं. भर बाजारात कुणी हिशेबात खोटं ठरवलं, की ज्याच्या मानेची शीर ताठते, ओठ आवळले जातात, पण तोंडून शब्द फुटत नाही, असा एखादा प्रत्येक गावात असतो. दिसायला कसाही असो, सुधाकर त्यालाच द्यावा.